दाबायचा राहिलेला कोपरा

आप्पा, आधी आला तो मुलाच्या कामावरच्या ऑफिसचा वॉचमन. मॅडम मागून आल्या. तीन जिने चढताना दोनदा थांबल्या, त्यांची धाप मला आतपर्यंत ऐकू येत होती. मी आपली मटार सोलत बसलेली. थंडी पडली की सून एपीएमसीतून एकदम पाच किलो मटार आणते आणि मग दोन दिवस घरात दुसरा विषय नाही, उसळ, भात, करंज्या, शेवटी आम्हीच हिरवे होतो. तर वॉचमन दारात, टोपी हातात. मी म्हटलं, "ये की आत, कोण पाहिजे?" तो म्हणतो, "मावशी, तुमचा म्हातारा हाय का घरान?" मी म्हटलं, "माझा म्हातारा जाऊन अकरा वर्षं झाली रे बाबा." तर तो मान हलवतो. "तो नाय. गालीचेवाला म्हातारा." आप्पा, माझ्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण त्या काट्याखाली मला हसू फुटत होतं. पन्नास वर्षांत कोणी माझ्या दारात येऊन तुम्ही घरी आहात का असं विचारलं नव्हतं.

थांबा, तुम्हाला आधीचं काहीच ठाऊक नसणार. तुम्ही गेलात तेव्हा इथे वाशी, बेलापूर काही नव्हतं, खाडी आणि मिठागरं. आता बेलापुरात काचेच्या इमारती उठल्यात आणि आतल्या फरशा उघड्या ठेवायची त्यांना लाज वाटते. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालीचा पाहिजे. ते काम माझा मुलगा करतो. तुमचा नातू, तुम्ही न बघितलेला. कोणी शिकवलं म्हणाल, तर तुमच्या किकरने. तुमची ती हातभर लांबीची लोखंडी दांडी, एका टोकाला दात, दुसऱ्या टोकाला चामड्याची उशी. गोरा मिस्त्री बोटीने परत जाताना तुम्हाला देऊन गेला होता ती. मी ती लग्नातही बरोबर नेली. सासूबाई म्हणाल्या, ही काय भानगड, मी म्हटलं माहेरची आठवण आहे. मुलाने लहानपणी ती ट्रंकेतून काढली आणि खेळता खेळता धंदा झाला. दात गालीच्यात रोवायचे, उशीवर गुडघा हाणायचा, गालीचा दोन बोटं पुढे सरकतो, तो भिंतीकडेच्या पट्टीवरच्या खिळ्यांत अडकवायचा, मग परत गुडघा. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्ही लोखंडाच्या बारीक चुका तोंडात धरायचात, ओठातून एकेक काढून ठोकायचात, आणि कोणी काही विचारलं की तोंड न उघडता नुसतं हं म्हणायचात. आई म्हणायची, ह्यांचा दिवसभराचा संसार हं वर चालतो.

तुमचा उजवा गुडघा मला अजून हाताला आठवतो. त्यावर लाकडाच्या गाठीसारखी गाठ आलेली. तुम्ही त्यावर गोणपाटाचा तुकडा बांधायचात आणि संध्याकाळी घरी आलात की मी तो सोडायची. एरंडेल गरम करून आई चोळायची आणि तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. म्हणून गेल्या वर्षी माझ्या पोराचा गुडघा तसाच सुजायला लागला तेव्हा मीच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सांगितलं, हे काम सोडा नाहीतर चाळिशीत काठी घ्या. पोराला दुसरं काय येतंय? मग त्याच्या एका मित्राने मस्कतहून येताना यंत्र आणलं. लांब नळ्या एकात एक अडकवायच्या, एक टोक या भिंतीला टेकवायचं, दात असलेलं डोकं पार त्या भिंतीजवळ, आणि मधला दांडा हाताने खाली दाबायचा. बस. अख्खा हॉल वीस फुटांचा, एका दाबात ढोलासारखा ताणला जातो. गुडघा नाही, घाम नाही. मी बघायला गेले होते. मुलगा उभा राहून काम करत होता, आप्पा! उभा! मी एका कोपऱ्यात उभी राहून रडले आणि त्याला वाटलं धूळ गेली डोळ्यात. तुमच्या किकरला मी त्या दिवशी हळदीकुंकू लावलं, जुन्या गोधडीत गुंडाळून ट्रंकेत घातलं आणि ट्रंक माळ्यावर ढकलली. मनात म्हटलं, झालं तुमचं काम, आता निजा.

पण त्या दिवसापासून माळ्यावर आवाज सुरू झाला. दुपारचा, बरोबर जेवणं आटपून मी लवंडते तेव्हा. ठक, ठक, ठक. मग जरा थांबून ठकठक. तीन आणि दोन. पहिल्यांदा मला वाटलं वरची बाई मसाला कुटते. मग आठवलं, वरची माणसं गावी गेलीत, दाराला कुलूप आहे, तुळशीला पाणी मीच घालते. सुनेला म्हटलं तर ती म्हणाली, "पाइपात हवा भरते, आई." असेल. पाइपातल्या हवेला तीन आणि दोन मोजता येत असतील. मी उताणी पडून ऐकायची आणि पायाच्या बोटांनी ताल धरायची. भीती वाटायची, पण गोड भीती. देवळात आत अंधारात घंटा कोणी वाजवली ते दिसत नाही तेव्हा वाटते ना, तसली.

आता त्या दोघांकडे येते, नाहीतर चहा गार व्हायचा. मॅडम म्हणजे बेलापूरच्या ज्या ऑफिसात मुलाचं काम चालू आहे तिथल्या मोठ्या बाई, बोलायला मात्र अगदी साध्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजी, टेन्शन घेऊ नका, तक्रार नाहीये. हॉल मस्त झालाय. फक्त साहेबांच्या केबिनचं बघा." केबिनचं मला ठाऊक होतं. तिथे मुलाची चूक झाली होती, त्यानेच घरी येऊन सांगितलं होतं. केबिनच्या भिंती भिंती नाहीत, प्लायवूडचं पार्टिशन आहे. यंत्राला टेकायला दगडासारखी भिंत लागते. याने सवयीने टोक पार्टिशनला लावलं, दांडा दाबला, गालीचा जागचा हलला नाही आणि पार्टिशनच बाहेर गेलं, पलीकडच्या टायपिस्ट मुलीच्या टेबलावरचा डबा सांडला. तिचे सगळे पोहे खाली. अशा जागी दांडी आणि गुडघाच लागतो, यंत्राला तिथे काही करता येत नाही. पण मुलाने मला शब्द दिलाय, गुडघा लावणार नाही. म्हणून शुक्रवारी तो केबिनचा गालीचा तसाच सुरकुतलेला सोडून आला, जेवला नाही, आणि किकर कुठे ठेवलंस असं मला दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, भंगारात दिलं.

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी आलो तर केबिन एकदम सपाट. आरशासारखं. हा म्हणतो शनिवारी दुपारी तुमच्याकडचे एक बाबा येऊन करून गेले." वॉचमन पुढे सरसावला. त्याला केव्हाचं बोलायचं होतं. "शनवारी हाफ डे, ऑफिस खाली. मी डबा खात बसलेलो. कवा आत गेला मना कलला नाय. बघतो त दरवाज्याचे भायेर चपला, तोंड रस्त्याकडं करून ठेवलेल्या. आत ठोकाचा आवाज. खाकी चड्डी, बंडी, गुडघ्याला गोणी बांधलेली. मी बोललो, बाबा, च्या घ्या. तो नुसता हं बोलला. तोंडान काय त भरलेला व्हता त्याचे."

मी विचारलं, आवाज कसा होता रे? त्याने टोपी मांडीवर ठेवली आणि बोटाच्या पेराने आमच्या दारावर वाजवून दाखवला. तीन. आणि दोन.

"पण एक कोपरा राहिलाय," मॅडम म्हणाल्या, "खिडकीजवळचा. उठून उभाच राहतो. आम्ही दाबला, त्यावर कपाट ठेवलं, सकाळी कपाट सरकलेलं आणि कोपरा परत वर. साहेब रोज अडखळतात. ते म्हणतात हा एक कोपरा बसला की वरचे मजलेही यांनाच देऊ, नाही बसला तर दुसरा माणूस बघू. तर त्या बाबांनाच पाठवा ना परत. कुठे राहतात ते?" आप्पा, काय सांगणार होते मी? तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडेच असतात." वॉचमन मात्र माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "जाताना तोंडातल्या चुका हातावर काढल्या नि बोलला मना. बोलला, कोपरा मी नाय दाबनार, तो पोरीचा हाय. पोर आली नाय का? मंग बोलला, तिचा पाय दुखतंय का अजून?"

माझी नात तेव्हा आतल्या खोलीत बाहुलीला आंघोळ घालत होती. मॅडमना वाटलं तिचंच विचारलंय. "काय झालं छकुलीच्या पायाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, बरा आहे. आणि मटाराच्या टरफलांत हात घालून बसले.

ते गेल्यावर मी स्टूल लावलं. सून ओरडते मी स्टुलावर चढले की, पण ती नातीला घेऊन खाली गेली होती. ट्रंक ओढली, गोधडी सोडली. हळदीकुंकू तसंच होतं. पण उशीचं चामडं कोमट होतं, आप्पा, नुकतं कोणी बसून उठल्यावर पाट असतो तसं. आणि दातांत हिरवा दोरा अडकलेला. मुलाने आजपर्यंत तांबडे घातले, निळे घातले, राखी घातले. हिरवा गालीचा त्या ऑफिसातला पहिलाच. मी दोरा काढला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मग वाटलं देव्हाऱ्यात कशाला, काढून पदराच्या टोकाला बांधला. आत्ता लिहिताना तो माझ्या मनगटाला लागतोय.

संध्याकाळी घरात गोंधळ. मुलगा म्हणाला, "आई, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा कोणी माणूस घुसला असेल, काम काढून घ्यायला." मी म्हटलं, काम काढून घ्यायला आलेला माणूस फुकट काम करून जातो होय? त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. दुपारी तो तिथे जाऊन आला होता. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या पट्टीवरच्या बारीक खिळ्यांच्या शेजारी, त्याला तीन चुका सापडल्या होत्या. काळ्या, चौकोनी डोक्याच्या. "असल्या आता कुठे मिळतात?" तो म्हणाला. सुनेने त्या बघितल्या आणि पोरीला उचलून मांडीवर घेतलं. "मी माझ्या पोरीला तिथे नाही पाठवणार. तुमची काय रीत असेल ती असो." मी तिला रीत सांगितली नव्हती, मुलाने सांगितली असणार. त्याला मी लहानपणी झोपवताना सांगायची.

रीत तुमची. दुसऱ्या कोणत्या मिस्त्रीने असं केलेलं मी बघितलं नाही. सगळा गालीचा ताणून झाला की शेवटचा कोपरा तुम्ही मोकळा ठेवायचात आणि मला बोलवायचात. मी पाय धुऊन यायची, उजवं पाऊल त्या कोपऱ्यावर ठेवायची, आणि तुम्ही माझ्या पावलाच्या दोन्ही बाजूंना चुका ठोकायचात. म्हणायचात, "जोराने दाबलेलं उठतं. लेकीच्या पावलाने बसलेलं उठत नाही." किती ठिकाणी गेले मी तुमच्या बरोबर. हॉटेलं, पेढ्या, एका पारशी डॉक्टरचा दवाखाना, जिथे भिंतीवर दातांचं चित्र होतं आणि मी घाबरून तुमच्या बंडीत तोंड लपवलं. कापून उरलेल्या तांबड्या तुकड्याचं तुम्ही मला शाळेत बसायला बसकर केलंत, कडा आईने शिवल्या. सगळ्या पोरी पोत्यावर आणि मी तांबड्या गालीच्यावर. गुरुजी म्हणाले, राणीसरकार, पाढे तरी म्हणा. पाढे काही आले नाहीत. शाळा तीन यत्तांत सुटली, बसकर मात्र मी नहाण आलं तोवर जपलं. हे पत्र मी नातीच्या चार रेघांच्या वहीत लिहितेय, जोडाक्षरं जमतील तशी.

आणि मग ते थिएटर. गोऱ्या लोकांसाठी वेगळा केलेला सज्जा होता, पांढरट गालीचा, तसला मी कधी बघितला नव्हता. मी धावत आले, पाय न धुता, बाहेरच्या चिखलाचे. पाच पावलं उमटली. तुम्ही मला कधी मारलं नव्हतंत. त्या दिवशी तोंडातल्या चुका हातावर काढल्यात आणि एवढंच म्हणालात, "घरी जा. घाणेरड्या पायांचं इथे काम नाही." सगळे कामकरी हसले. एकाने गाय पाणी पिऊन गेली असं म्हटलं. मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते डाग स्वतः काढलेत, गुडघ्यावर बसून, साबणाने. मग आईला निरोप पाठवलात, पोरीला पाठव, कोपरा ठेवलाय. मी गोधडीत तोंड घालून पडले आणि म्हटलं, माझा पाय दुखतोय. निरोप्या परत गेला. तुम्ही दिवसभर थांबलात म्हणे. संध्याकाळी कोपऱ्यावर वीट ठेवून घरी आलात, माझा पाय हातात घेतलात, तळवा दाबून बघितलात. "कुठं दुखतंय?" मी बोट दाखवलं, कुठेतरी. तुम्ही तुमच्या गुडघ्याचं उरलेलं एरंडेल माझ्या पायाला लावलंत. म्हणालात, उद्या दाबू. उद्या तुम्हाला ताप होता. परवा जास्त. तापात तुमचा उजवा गुडघा पांघरुणातून भिंतीवर आपटत होता, तीन आणि दोन, तीन आणि दोन, भिंतीचा गिलावा पडला तरी थांबला नाही. मी दाराशी उभी राहून मोजत होते. चौथ्या दिवशी मोजायला काही उरलं नाही.

थिएटरचा तो कोपरा कोणी दाबला मला ठाऊक नाही. एवढी वर्षं मी तो विचारच मनात येऊ दिला नाही, आला की कामाला लागायची. माझ्या घरात मटार उगाच पाच किलो सोलले जात नाहीत. पण बघा, तुम्ही विसरला नाहीत आणि रागातही नाहीत. रागात असतात तर कोपरा उपटून गेला असता. तुम्ही माझ्या पोराचा गुडघा वाचवलात, स्वतःचा परत लावलात, आणि माझा कोपरा माझ्यासाठी ठेवलात. म्हणून मला भीतीत हसू येतंय, सूनबाई म्हणते आईंचं डोकं फिरलं.

तिला मी सांगून टाकलंय, पोरीला पाठवू नकोस. ज्या पोरीला बोलावलंय ती वेगळी. साठ वर्षांची झाली, केस पांढरे झाले, अंगाने भरली, तरी लेक ती लेकच. आत्ताच मी या वहीच्या मागच्या पानावर नातीचं पाऊल पेन्सिलीने काढलं आणि त्याच्या बाजूला माझं. दोन्हींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे, तुमच्यासारखं. मुलगा बघत होता. म्हणाला, "आई, मी चुका ठोकीन." मी म्हटलं, तू हातोडी घेऊन बाजूला उभा राहा, आधी बघू कोण ठोकतंय. तो हसला, मग हसायचा थांबला. किकर बरोबर घेऊन जाणार आहे मी. भंगारात दिलं नव्हतं हे त्याला कळलं तेव्हा तो रागावला नाही, फक्त उशीवरून हात फिरवला आणि चटकन काढून घेतला.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. ज्याला माळा सापडतो त्याला पत्ता कशाला. वही ट्रंकेत ठेवीन, वाचायची तर वाचा. एवढं मात्र तोंडाने सांगायच्या आधी लिहून ठेवते, कारण त्या खोलीत तुम्ही समोर असलात तर मला धीर होणार नाही. पाय दुखत नव्हता, आप्पा. तेव्हाही नाही आणि आताही नाही. मी धुऊन येईन.

मॅडम गुरुवारी साडेअकराला गाडी घेऊन येते म्हणाल्यात. वॉचमनपण येतो म्हणाला.